अंधारातला तांब्या

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. वाचायचं असल्यामुळे खरे मिटता येणार नाहीत, तेव्हा मिटले आहेत असं समजा.

दुपारचे बारा वाजलेत. बाहेर जानेवारीचं लख्ख ऊन आहे आणि तुम्ही सेनगावच्या रस्त्यावर एका हळदीच्या गोदामात सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. नवी हळद यायला अजून महिना आहे म्हणून गोदाम रिकामं आहे, पण वास काही भिंती सोडत नाही. पत्र्याच्या सगळ्या फटी काळ्या कापडानं बुजवल्या आहेत आणि दाराला तीन पदरी पडदा लावला आहे. हात नाकासमोर धरा. दिसतो? बोटं हलवा. हलली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण दिसत नाहीत. शेजारी कोण बसलं आहे तेही त्याच्या श्वासावरून ओळखायचं.

आता ऐका. लांब डावीकडे एक घुंगरू वाजलं. मग दुसरं. मग घुंगरांची रांगच सुरू झाली, आणि त्यांच्याखाली खुरांचा धप् धप् आवाज. बैल आहेत, पुष्कळ आहेत आणि तुमच्याच दिशेनं येत आहेत. तुम्ही पाय आखडून घेता. एक बैल तुमच्या उजव्या कानाशी फुरफुरतो. पाठीवरच्या गोण्या एकमेकींना घासतात, कुणीतरी "हो, हो" करतं, आणि अख्खा तांडा तुमच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीत निघून जातो. मग अनवाणी पायांनी एक बाई तुमच्या शेजारून चालत जाते आणि गायला लागते.

ही गंमत खरोखरच झाली. त्या दिवशी माझ्याबरोबर तांड्यावरच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवरच्या, शाळेची अठरा मुलं होती, आणि बैल गेले तेव्हा अठराही मुलांनी पाय पोटाशी घेतले. मीही घेतले. वय वर्षं एकोणसत्तर! तेव्हा ते सगळं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पुढे मी रागावून लिहिणार आहे, म्हणून चांगलं आधीच सांगून टाकतो.

हा खेळ शीतलनं बसवला होता. ज्या नाटकात बोलायच्या जागीही गातात त्याला ऑपेरा म्हणतात. शीतलचा ऑपेरा अंधारातला. बघायचं काहीच नाही, नुसतं ऐकायचं. गोदामाच्या चारही भिंतींना आणि वर आढ्याला मिळून चोवीस स्पीकर, आणि दोन गाणारी माणसं आपल्यामधून चालत गाणार. नाव होतं 'लदणी'. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या काफिल्याला लदणी म्हणत. आज त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्याकडे सोयाबीन आणि तूर पेरतात.

शीतल हिंगोलीचीच पोरगी, आमच्याच नात्यातली. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. कान असा की वर्गाबाहेरून कुणी गेलं तर न बघता सांगायची, "सर, हेडमास्तर आले, आज नवी चप्पल हाय." मी तिला म्हणायचो, शीतल, तू ऐकून मोठी होशील. झाली. पुण्याला गेली, पुढे परदेशात आवाजाचं शिक्षण घेऊन आली. मागच्या वर्षी फोन आला, "सर, लदणीवर काम करून राहिले. तुम्ही तांड्यावर चौदा वर्षं शिकवलं ना? मला तिथले आवाज पाहिजेत." छाती फुगवून मीच तिला तांड्यावर नेलं. हे विसरू नका. यात माझाही हात आहे.

नेलं ते धुरपताबाईंच्या घरी. धुरपताबाई सत्तरीच्या. अजूनही आरशांचा घागरा आणि कोपरापर्यंत बांगड्या घालतात. घरात त्या, मुलगा सुदाम, सून आणि नात पुजा. पुजा पाचवीत. सगळं घर त्यांना दादी म्हणतं, म्हणून मीही दादीच म्हणतो. शीतल तीन दिवस तिथं राहिली. दादीच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, उखळाचा आवाज घेतला, जात्याचा घेतला, शेळीचाही घेतला.

तिसऱ्या दिवशी लालसिंग आले. लालसिंग म्हणजे दादींचे धाकटे भाऊ. राहतात डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर. गुडघ्याचं दुखणं झालं, ऑपरेशन झालं आणि दोन वर्षं त्यांचं येणंच झालं नाही. जीपमधून उतरून काठी टेकत ते अंगणात आले. दादी हातातलं सूप टाकून उठल्या, भावाच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या.

मुलांनो, हे रडणं नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. तांड्यावर जिवलग माणूस खूप दिवसांनी भेटलं की बायका त्याच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं हुंदके देत नाहीत, चाल लावून रडतात. वीरा, म्हणजे भाऊ, किती दिवसांनी आलास. वीरा, तुझी वाट बघून उंबरा झिजला. आपली आई असती तर आज तुझ्या तोंडावरून हात फिरवला असता. असं एकेक आठवत, सूर चढवत, उतरवत. हे भेटीचं रडणं. यात आनंद काठोकाठ असतो.

मी तांड्यावर नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात असं रडणं ऐकलं आणि शाळा सोडून धावत गेलो. हात जोडून विचारलं, "कोण वारलं हो?" अंगणात हशा पिकला. दादी तेव्हा चाळिशीच्या असतील. डोळे पुसत म्हणाल्या, "गुरुजी, कुनी न्हाई मेलं. माझी मावशी आली. तुमच्यात पाव्हनं आलं की काय तोंड पाडून बसतेत का?" पुढे वर्षभर पोरं मला बघून विचारायची, "गुरुजी, कोण वारलं?"

त्या रडण्याला शेवटही असतो. रडणारीला कुणीतरी पाणी द्यायचं. तोपर्यंत तिनं थांबायचं नाही, आणि पाणी आणणाऱ्यानं फार उशीर करायचा नाही. पाणी आलं की ती चूळ भरते, तोंडावर हात फिरवते, हसते आणि पाहुण्याला विचारते, "जेवलास का?" तिथं रडणं पुरं होतं. पाण्याविना रडणं उघडं टाकणं म्हणजे अभद्र. असं उघडं रडणं फक्त मेलेल्या माणसाला.

दादींच्या घरी पाणी आणायचं काम पुजाचं. सहा वर्षांची होती तेव्हापासून. त्या दिवशीही ती पितळेचा तांब्या घेऊन धावली आणि म्हणाली, "दादी, पाणी." दादी हसल्या. लालसिंगांना म्हणाल्या, "जेवलास का, वीरा?" ते म्हणाले, "तुझ्याकडं जेवायलाच तर आलो, बाई." आपसात ते त्यांच्या बोलीत बोलतात, मी तुमच्यासाठी मराठीत लिहितो आहे.

शीतल हे सगळं कानाला हेडफोन लावून घेत होती. तिचे डोळे भरले होते. मी तिथं नव्हतो, शाळेच्या ओट्यावर बसलो होतो; हे मला पुजानं मागून सांगितलं. असतो तर सांगितलं असतं. पण ती तिथंच होती, दादी तिथंच होत्या, आणि शीतलनं एक साधा प्रश्न विचारला नाही की, बाई, तुम्ही काहून रडल्या?

आता परत गोदामात या. बैल गेले, अनवाणी बाई गात गेली. मग गाणाऱ्या पुरुषाचा आवाज आला. वाटेत पटकीची साथ येते, बहिणीचा भाऊ आजारी पडतो, काफिला थांबू शकत नाही. मग शांतता. मग घुंगरांचा एकच तुटका आवाज. आणि मग मधोमध, अगदी आमच्या डोक्यांवर, दादी रडायला लागल्या.

तोच चढ, तोच उतार. "वीरा, किती दिवसांनी..." यातले शब्द पुसट केले होते, पण "वीरा" स्पष्ट ऐकू येत होतं. त्यावर गाणारी बाई मराठीत गात होती, "गेला गं गेला, माझा वीर गेला, वाटेच्या मातीत निजून गेला." दादींचा आवाज एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत गेला. दोन झाला, चार झाला. चार दादी चार कोपऱ्यांत भावाच्या नावानं रडत होत्या, आणि त्यांना पाणी द्यायला कुणी येत नव्हतं. रडणं तसंच लांब जात विरलं. खेळ संपला.

उजेड झाला तेव्हा मुलं डोळे चोळत होती. पुजा तशीच बसून होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "मला कापलं."

"कुठं? बघू."

"हातबित न्हाई. माझा आवाज कापला. 'दादी, पाणी' म्हणलं होतं म्या. तिथं कापलं. आन् लालसिंग मामाला मारून टाकलं."

दाराबाहेर फलक होता. त्यावर गायकांची नावं होती, दिव्यांची नावं होती, म्हणजे दिवे नसतानाही दिवे विझवणाऱ्याचं नाव होतं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'विलाप : अनाम बंजारा स्त्री.'

अनाम! जिच्या घरी तीन दिवस भाकरी खाल्ली ती अनाम. जिनं जाताना ओटीत तांदूळ घातले ती अनाम. आणि एवढ्यावरच भागणार नव्हतं. कारण मुलांनो, चार वाजता पुढचा खेळ होता, आणि तो खास तांड्यासाठी होता. दादी येणार होत्या. शीतलनं हौसेनं लालसिंगांनाही जीप पाठवून बोलावलं होतं. म्हणजे दादी भावाच्या शेजारी बसून, त्याच भावाच्या मरणावर स्वतःलाच रडताना ऐकणार होत्या.

मी पुजाला घेऊन शीतलकडे गेलो. गोदामाच्या मागच्या खोलीत ती लॅपटॉपपुढे बसली होती, केळं खात.

"सर! कसं वाटलं?"

"शीतल, ते रडणं मरणाचं नाही."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिचं केळं हातातच राहिलं. मला वाटलं, आता ती कपाळावर हात मारील. पण मग तिनं खांदे सावरले आणि ते बोलली, जे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

"सर, पण अंधारात ते कुणा एकीचं रडणं राहतच नाही ना. तो फक्त आवाज आहे. लोकांना त्यात आपापलं दुःख सापडतं. सकाळी तहसीलचे लोक रडले."

"लोकांना त्यांचं दुःख सापडावं म्हणून दादींचा भाऊ मारायचा?"

"मी कुणाला मारलं नाही, सर. ही गोष्ट आहे. आणि मी परवानगी घेतली होती. आवाज घेऊ का विचारलं, त्या हो म्हणाल्या."

"आवाज घेऊ का विचारलंस. रडू कशाचं आहे ते विचारलंस?"

तिनं केळं खाली ठेवलं. इतका वेळ पुजा माझ्या मागे होती, ती पुढे आली.

"ताई, माझं 'पाणी' कुठं हाय?"

"काय?"

"मी 'दादी, पाणी' म्हणले. मग दादी हसली. ते तुमच्या ह्याच्यात हाय का अजून?" तिनं लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

शीतल ओशाळून हसली. "असेल गं. ते... मध्येच तांब्या वाजला, कुणीतरी बोललं, म्हणून तिथं थांबवलं. सुराला धक्का बसत होता."

"धक्का न्हाई. ते शेवट हाय त्याचा."

बघा, परदेशात शिकून आलेल्या बाईला पाचवीतली पोरगी शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. मी म्हणालो, "शीतल, चारच्या खेळातून हे काढ. फलकावर त्यांचं नाव घाल."

"नाव घालते, सर. माझी चूकच झाली. पण तो तुकडा चोवीस स्पीकरांत विणलाय. काढला तर पुढची दहा मिनिटं कोसळतील. दोन तासांत..." तिनं घड्याळ बघितलं. "बघते, सर. काहीतरी करते."

मी समाधानानं बाहेर आलो. चहा पाजला पुजाला. म्हणालो, "झालं तुझं काम. काढणार आहे ती."

"ताई 'काढते' म्हणल्या का?"

"'बघते' म्हणाली."

पुजानं बशीतला चहा फुंकला. "आमचे बापू मला सायकल 'बघतो' म्हणून राहिले तिसरीपासून."

मी तिला दटावलं. मोठ्यांवर विश्वास ठेवावा, असं काहीसं बोललो. चाळीस वर्षं मुलांना शिकवून मी त्या दिवशी एका पोरीला चुकीचं शिकवलं, आणि तिनं ते शिकून घेतलं नाही, हे नशीब. चहा अर्धा टाकून ती घरी पळाली.

चार वाजता तांडा आला. दादींनी ठेवणीतला घागरा घातला होता, लालसिंगांनी पांढरा फेटा. पुजा आईची मोठी ओढणी गुंडाळून आली होती. मी म्हणालो, "एवढी थंडी वाजते का गं?" ती म्हणाली, "व्हय." दारावर दोन तरुण सगळ्यांचे मोबाइल, काड्यापेट्या, पाण्याच्या बाटल्या काढून घेत होते. आत उजेड नको, खडखडाट नको. सगळ्यांना समजावून सांगायचं काम कुणी केलं? मी.

"दादी, आत बोलायचं नाही. उठायचं नाही. काहीही झालं तरी."

"न्हाई बोलत, गुरुजी. मी काय लेकरू हाय?"

"लालसिंगराव, तुम्हीही."

"गुरुजींचं ऐकायचं म्हंजे ऐकायचं," ते म्हणाले आणि काठी दारावर ठेवून माझा हात धरून आत आले.

मुलं पुढे भिंतीशी बसली, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. दादी बायकांच्या कडेला, त्यांना लागून लालसिंग, लालसिंगांच्या पलीकडे मी. पडदा पडला. अंधार झाला. बैल आले. तांड्यातली म्हातारी माणसं बैलांचा आवाज ऐकून अंधारातच हरखली. कुणीतरी "अरे वा रे वा!" म्हणालं. दादी कुजबुजल्या, "माझ्या सासऱ्याच्या बैलाची असलीच घागरमाळ होती." त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला वाटलं, शीतलनं तेवढा तुकडा काढलाच असणार. एवढं सुंदर करणारी पोरगी एवढं तर करीलच.

मग पटकी आली. शांतता आली. तुटकं घुंगरू आलं.

आणि दादी वरून रडायला लागल्या.

काहीही काढलेलं नव्हतं. एक हुंदका कमी केला नव्हता. "गेला गं गेला, माझा वीर गेला," ती अनवाणी बाई आमच्या मधून गात चालली होती, आणि माझ्यापासून दोन हातांवर, कोपरापर्यंतच्या बांगड्या थरथरताना मला ऐकू येत होत्या.

"लालसिंग," दादी अगदी हळू म्हणाल्या, "ह्यो माझा आवाज हाय."

लालसिंग काही बोलले नाहीत. त्यांनी मला शब्द दिला होता.

"लालसिंग. मी तुला रडून राहिले का रं? तू हायस न?"

"हाय, बाई. हितंच हाय."

"शू!" मागून कुणीतरी दटावलं. बहुतेक शहरातून आलेलं कुणीतरी असावं. "शांत बसा, प्लीज."

ऐकलंत? जिवंत माणसानं मी जिवंत आहे असं म्हटलं, आणि त्याला गप्प बसायला सांगितलं, कारण त्याच्या मरणाचं गाणं चाललं होतं! दादींनी भावाचा दंड धरला असावा. फेट्याचं कापड सळसळलं. वर चार दादी रडत होत्या, खाली पाचवी तोंडावर पदर दाबून बसली होती. मी उठायला हवं होतं. ओरडून दिवे लावायला सांगायला हवं होतं. पण माझाच नियम माझ्या मानेवर बसला होता. उठायचं नाही, बोलायचं नाही, काहीही झालं तरी.

तेवढ्यात पुढच्या भिंतीशी काहीतरी हललं.

"आई गं! पाय!" एक मुलगा किंचाळला. मग दुसरा. "कोण हाय रं? ओलं केलं मला!" पाणी डचमळल्याचा आवाज आला. तो आवाज मुलांमधून निघाला, बायकांच्या रांगेला लागला, थांबला, वळला. मागचा माणूस पुन्हा "शू!" म्हणाला, आणि या खेपेला एका तांड्यावरच्या बाईनं त्याला उत्तर दिलं, "तूच शू! लेकरू हाय." दारावरच्या तरुणांपैकी कुणीतरी धावत आलं आणि अंधारात कशाला तरी धडकून खाली बसलं.

ओढणी माझ्या गुडघ्याला घासून गेली. मग अगदी जवळ, त्या चोवीस स्पीकरांपेक्षा स्वच्छ, एक आवाज आला.

"दादी, पाणी."

बांगड्या वाजल्या. तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात गेला. दादींनी चूळ भरली, आणि ती बाजूला टाकायला अंधारात जागाच सापडेना म्हणून ती गिळली, आणि त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यातून त्या हसल्या. रडं अजून गळ्यातच होतं, तरी हसल्या.

"जेवलास का, वीरा?"

"दोन भाकरी, बाई," लालसिंग मोठ्यानं म्हणाले, माझा शब्द मोडून. "अन् मिरचीचा ठेचा. लई तिखट केला होता तू."

अख्खा तांडा हसला. आढ्याचा पत्रा वाजला. गाणारी अनवाणी बाई गाता गाता थांबली, ती नेमकी कुठे उभी होती देव जाणे, पण तीही हसल्यासारखी वाटली.

वरचा आवाज मात्र थांबला नव्हता. चारी कोपऱ्यांत दादी रडतच होत्या. मागच्या खोलीत शीतल बटनांपुढे बसली होती. ती काय करत होती, हात उचलत होती की नाही, मला माहीत नाही. अंधारात मला फक्त एवढं ऐकू आलं की पुजानं दादींच्या हातून तांब्या परत घेतला. आत अजून पाणी होतं. तिची पावलं आमच्यापासून दूर गेली, भिंतीकडे, जिथून दादींचं रडणं सगळ्यात मोठ्यानं येत होतं तिथं. ती थांबली. सिमेंटच्या फरशीवर पितळ ठेवल्याचा टण् असा आवाज आला.

आणि ती त्या रडणाऱ्या स्पीकरला म्हणाली, "तुझं पण राहिलंय, दादी. घे, पाणी."